पहिल्या माठापासून

मार्च लागला की आमच्या घरात पाठांतर सुरू होतं. नात दहावीला आहे. पलीकडच्या खोलीत येरझारा घालत ती मोठमोठ्यानं म्हणते, अडते, चिडते आणि पुन्हा वरून सुरू करते. सूनबाई स्वयंपाकघरातून सांगते, "अगं, समजून घे आधी, नुसतं घोकू नकोस." मी मधे पडत नाही. मी बाल्कनीत खुर्ची टाकून बसलेला असतो. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय जसा आपला राहत नाही, तसं मला त्या आवाजानं होतं. दुखत नाही. दुखलं असतं तर निदान डॉक्टरला बोट लावून दाखवता आलं असतं.

"बाबा, हिच्या ओरडण्याचा त्रास होतोय का?" सूनबाई विचारते. मी म्हणतो, "छे." आणि ते खरंच आहे. त्रास होत नाही. फक्त ते जुने दिवस येऊन समोर बसतात. मी त्यांना या म्हणत नाही, जा म्हणत नाही. चहा येतो, मी चहा पितो.

ते दिवस म्हणजे पन्नास आणि साठच्या मधली एक उन्हाळी सुरुवात. नेमकं साल आता सांगता यायचं नाही, आणि सांगून तरी काय करायचंय. पिंपरी तेव्हा अर्धी शेत होती आणि अर्धी खोदकाम. नवे कारखाने जमिनीतून वर येत होते. मुंबईच्या रस्त्याला दोन्ही अंगांनी झाडं होती, शिरीषाच्या वाळक्या शेंगा दिवसभर खुळखुळायच्या. आकुर्डीकडं ज्वारी काढून झालेली असायची, खळ्यांवर मळणी चाललेली. वारा फिरला की भुसा उडत थेट आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या रविवारच्या उपासनेत यायचा आणि गाणाऱ्या माणसांच्या तोंडात जायचा. खोकत खोकत गीतं म्हणणारी मंडळी मी नंतर कुठं पाहिली नाही.

उपासना भरायची लाकडाच्या वखारीत. मालक हाजीसाहेब म्हणून एक मुसलमान गृहस्थ होते, ते दर रविवारी अर्धी वखार झाडून मोकळी करून द्यायचे. बसायला सागाचे ओंडके. पण गेल्या रविवारी ज्या ओंडक्यावर मंडळी बसली तो मधल्या वारी विकला गेलेला असायचा, त्यामुळं दर खेपेला बैठक निराळी. हाजीसाहेब मला चिडवायचे, "पादरीसाब, तुमची माणसं बसली की लाकूड त्याच आठवड्यात खपतं. असेच बसत जा." मी त्यांना सांगायचो की मी अजून पादरी झालेलो नाही. ते म्हणायचे, "होशील रे बाबा, घाई काय आहे."

मला घाई होती. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि उमेदवार उपदेशक होतो. म्हणजे प्रवचन मी करायचं, आजाऱ्याच्या उशाशी मी बसायचं, मयताला मी उभं राहायचं, पण बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन देण्याचा अधिकार मला नव्हता. त्यासाठी दीक्षा लागते. ती मिळेपर्यंत पुण्याहून मोठे साहेब यायचे. वयस्क पाळक, म्हणजे दीक्षा झालेले पादरी; पांढरी मिशी, आवाज मऊ. माझ्या दीक्षेचा कागद त्यांच्या शिफारशीवाचून हलणार नव्हता, हे मला झोपेतसुद्धा ठाऊक होतं.

ख्रिस्ती नसलेल्या वाचकासाठी थोडं सांगायला हवं. प्रभुभोजन म्हणजे भाकरीचा एक तुकडा आणि द्राक्षरसाचा एक घोट. मेजाभोवती मंडळी बसते, ताट हातोहात फिरतं. बस, एवढंच. पण त्या मेजावर बसायचं तर आमच्याकडं आधी परीक्षा असायची. बारा प्रश्न, बारा उत्तरं, सगळं पाठ करायचं. ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी, साहेबांपुढं उभं राहून ती उत्तरं द्यायची. उत्तीर्ण झालात तर रविवारी मेजावर. नाही तर मागं सतरंजीवर, पोरांबरोबर.

शांतवन बत्तीस वर्षांचा होता आणि सतरंजीवर बसायचा.

उंच होता. खांदे रुंद, केसांना चपचपीत तेल, सदऱ्याची बटणं आईनं लावलेली. बोलायचा कमी. बोलला तर जीभ जड पडायची. 'मतिमंद' हा शब्द तेव्हा आमच्यापर्यंत पोचला नव्हता. लोक त्याला अर्धवट म्हणायचे. मीही म्हणायचो. हळू आवाजात म्हणायचो, एवढाच काय तो माझा चांगुलपणा.

त्याची आई सारजाबाई. नगरकडची. कारखान्याच्या बांधकामावर घमेली वाहायची. शांतवन त्याच कामावर पाणी भरायचा. खांद्यावर कावड घ्यायची, विहिरीवरून निघायचं आणि कामावरचे बारा माठ भरत जायचे. पहिला मुकादमाचा, दुसरा गवंड्यांचा, मग लोहारांचा, सुतारांचा, असं करत बारावा बायकांचा. क्रम ठरलेला. एकदा कुणीतरी गवंडी मधेच ओरडला, "ए शांत्या, आधी इकडं ओत." तर हा कावड घेऊन परत विहिरीवर गेला आणि पुन्हा मुकादमापासून सुरू केलं. सगळे हसले. मुकादमाचा माठ भरून वाहायला लागला.

ईस्टरआधीचे उपवासाचे चाळीस दिवस सुरू झाले त्या आठवड्यात सारजाबाई माझ्याकडं आली. बसली नाही. उभ्यानंच म्हणाली, "उपदेशक, औंदा माझ्या शांतूचं करा."

"काय करू?"

"त्याला मेजावर घ्या. आदीच्या तिगांनी न्हाई म्हनलं. मी हाय तवर येकदा त्याच्या शेजारी बसंन म्हनते."

"बाई, त्याला उत्तरं द्यावी लागतील."

"मग शिकवा की. शिकवायला तुमी हाय, शिकायला त्यो हाय. मधी काय आडतंय?"

माझ्या आधीच्या तिघा उपदेशकांनी नाही म्हटलं, हे ऐकल्यावर मी हो म्हटलं. करुणा वगैरे काही नव्हती. तिघांना जमलं नाही ते मला जमतंय, हे पुण्याला कळावं, एवढंच मनात होतं. आज हे लिहायला लाज वाटते का? वाटते. पण फार नाही. बधिर जागेवर चिमटा काढावा तितपत.

पहिले आठ दिवस पुस्तक घेऊन बसलो. तो माझ्या ओठांकडं बघायचा आणि हसायचा. मी विचारायचो, "तुला कोणी निर्माण केलं?" तो म्हणायचा, "व्हय." मी पुन्हा विचारायचो. तो पुन्हा व्हय. माझं डोकं फिरायचं. एकदा मी पुस्तक आपटलं, तर त्यानं ते उचललं, सदऱ्याला पुसलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

मग एक दिवस दुपारी मी त्याला कामावर पाहिलं आणि डोक्यात आलं, अरे, बारा प्रश्न आणि बारा माठ. दुसऱ्या सकाळी मी त्याच्याबरोबर निघालो. मुकादमाच्या माठाशी पाणी ओतलं की पहिलं उत्तर: मला देवानं निर्माण केलं. गवंड्यांच्या माठाशी दुसरं: तो माझ्यावर प्रीती करतो. असं करत बायकांच्या माठाशी बारावं: मला प्रभूच्या मेजावर बसायचं आहे. बायका ते ऐकून हसायच्या आणि सारजाबाई पदर तोंडाला लावायची.

महिनाभर मी त्याच्या शेजारून चाललो. त्या चालण्याचं मला सगळं आठवतं. ओल्या दोराचा वास, चुन्याच्या भट्टीचा धूर, कावडीची कुईकुई. उन्हानं पांढरा पडलेला रस्ता. तळेगावच्या बाजूच्या बायका पाटीतून हिरवी करवंदं विकायला आणायच्या, शांतवनला दोन फुकट मिळायची, तो त्यातलं एक मला द्यायचा. इतकं आंबट की कानाच्या मागं कळ जायची. कामावरची पोरं आमच्या मागं मागं पळायची आणि आमच्याबरोबर उत्तरं म्हणायची. मुकादम मला म्हणाला, "उपदेशक, राव, तुम्हाला पण हजेरी लावू का?" इतकं सगळं आठवतं, पण मला तेव्हा आनंद होत होता की नाही, ते आठवत नाही. झाला असावा.

एक दिवस सुतारांचा माठ फुटला. नवा माठ आणून त्यांनी पलीकडं लिंबाखाली ठेवला. शांतवन कावड घेऊन जुन्या जागेशी उभा राहिला. तिथं नुसती ओली माती. मी म्हटलं, "चल, तो बघ तिकडं." हलला नाही. पुढचं उत्तर विचारलं. तो वळला, विहिरीवर गेला आणि मुकादमापासून सुरू केलं. त्या फेरीला मी सुतारांना सांगून माठ जुन्या जागी ठेवायला लावला, तेव्हा कुठं गाडी पुढं गेली. म्हणजे मला कळलं होतं. मधला धागा तुटला की त्याला पहिल्या माठापासून यावं लागतं, हे मला इतर कुणाहीपेक्षा चांगलं कळलं होतं.

त्याच आठवड्यात मी साहेबांना पत्र लिहिलं. अक्षर माझं चांगलं. लिहिलं की मंडळीतल्या एका मंदबुद्धी भावाला मी तयार केलं आहे, आणि तो उत्तरं नुसती पाठ म्हणत नाही, त्याला अर्थ समजतो. त्याला अर्थ समजत होता का? मला आजही माहीत नाही. मला तरी कुठं समजत होता. पण पत्रात मी ठासून लिहिलं, आणि साहेबांचं उत्तर आलं की तुमच्या परिश्रमाची दीक्षेच्या समितीपुढं आवर्जून नोंद घेऊ. ते पत्र मी चार दिवस खिशात घेऊन हिंडलो.

शनिवारी दुपारी साहेब आले. टोपी काढून ओंडक्यावर ठेवली. वखारीत लाकडाचा भुसा तापून त्याचा गोडसर वास सुटला होता. एका बाजूला सारजाबाई, आणखी चारदोन आया, ओंडक्यांच्या चळतीवर पोरं. आधी पाच तरुण मुलं-मुली झाली. कुणी अडखळलं, कुणी पुटपुटलं, सगळी उत्तीर्ण. मग शांतवन उभा राहिला. पांढरा सदरा, तेल नेहमीपेक्षा जास्त.

साहेबांनी त्याच्याकडं पाहिलं आणि पुस्तक मिटलं. इतक्या मायेनं मिटलं की अजून दिसतं. म्हणाले, "याला पुस्तकातलं नको. एकच विचारतो, सोपं." आणि विचारलं, "शांतवन, तुला काय पाहिजे, बाळा?"

तो बारावा प्रश्न होता.

शांतवन साहेबांकडं बघत राहिला. मग त्यानं स्वच्छ आवाजात सांगितलं, "मला देवानं निर्माण केलं."

साहेब हसले. "बरोबर. पण मी काय विचारलं? तुला काय पाहिजे?"

"मला देवानं निर्माण केलं."

साहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं. शांतवननं तिसऱ्यांदा पहिला माठ भरला. आवाज तोच, चेहरा तोच. त्याला वाटत असणार, हा माणूस पुढं का जाऊ देत नाही.

मला फक्त तीन शब्द बोलायचे होते. साहेब, पहिल्यापासून विचारा. तयार होते, जिभेवर होते. पण ते बोललो की साहेब विचारणार, म्हणजे याला ओळीनंच येतं? म्हणजे पोपट केलात तुम्ही याचा? मग ते अर्थ समजतो म्हणून लिहिलं होतं, ते काय? आणि समिती पुढल्या महिन्यात बसणार होती.

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. चांगल्या मनाचा माणूस, माझ्यावर सोडून दिलं त्यांनी. "उपदेशक, तुम्ही शिकवलंत. तुम्हाला काय वाटतं?"

मी म्हटलं, "पुढल्या वर्षी बघू, साहेब."

साहेबांनी मान हलवली आणि शांतवनच्या डोक्यावर हात ठेवला. शांतवननं मला विचारलं, "झालं?" मी म्हटलं, "झालं." तो खूश झाला. आईकडं गेला आणि तिला म्हणाला, "झालं." तिनं त्याचं वरचं बटण सुटलं होतं ते लावलं. माझ्याकडं बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ईस्टर. नव्या पाच जणांना पुढं बोलावलं, मग बाकी मंडळी उठून मेजाभोवती गेली. सारजाबाई उठली नाही. ती सतरंजीवर शांतवनच्या शेजारी, पोरांत, मांडी घालून बसली होती. मी वाकून म्हटलं, "बाई, चला. ताट निघालंय."

"तुमी जावा," ती म्हणाली. रागानं नव्हे, कामावर घमेलं खाली ठेवताना बोलावं तशी. "त्यो बसंल तवा मी बसंन."

मी परत जाऊन माझ्या जागी उभा राहिलो. ताट माझ्याकडं आलं, मी तुकडा घेतला, खाल्ला. चव लागली नाही. भाकरीत काही खोट नव्हती. मग शेवटचं गीत झालं आणि भुसा आला आणि लोक खोकले.

पुढलं वर्ष मी तिथं नव्हतोच. माझी दीक्षा झाली, जालन्याकडं नेमणूक झाली, तिथून आणखी तिकडं. चाळीसएक वर्षं पाळकपण केलं. किती जणांना मेजावर घेतलं त्याचा हिशेब नाही. पण एक गोष्ट सांगतो, त्यानंतर मी परीक्षेत कुणालाच मागं ठेवलं नाही. कुणी अर्धं उत्तर दिलं तरी घेतला, कुणी रडला तरी घेतला. लोक म्हणायचे, पाळकसाहेब फार मायाळू. मी ऐकून घ्यायचो. माया कसली, मला प्रश्न पुरते विचारायचीच भीती बसली होती. ज्यांची मुलं सावकाश शिकतात अशा घरांत मी मुद्दाम जायचो, बसायचो, पोराचा हात हातात धरायचो. हातात हात असायचा आणि मला काही वाटत नसायचं. आया मला दुवा द्यायच्या.

निवृत्त झालो आणि मुलाच्या नोकरीमुळं इकडंच, चिंचवडला, आलो. वखार आता नाही, तिथं टायरांचं दुकान आहे. मंडळीचं मोठं देऊळ, म्हणजे चर्च, झालंय, पंखे, बाकं, स्पीकर. दोन वर्षं मी तिथं गेलो तरी सारजाबाईचं नाव तोंडातून काढलं नाही. कुणी विचारायलाही नको होतं. मग एका रविवारी एक बाई पुढं आली, पन्नाशी उलटलेली, म्हणाली, "ओळखलं का? मी एस्तेर. सतरंजीवरची." तेव्हा दहा-अकरा वर्षांची पोर असेल, कामावर आमच्या मागं पळणाऱ्यांतली. मला चहाला कासारवाडीला घरी घेऊन गेली.

चहा करता करता ती आपण होऊनच बोलायला लागली. सारजाबाई त्या ईस्टरनंतर मेजावर गेली नाही. तीन वर्षं सतरंजीवर बसली. मग नवे पाळक आले. पहिल्याच प्रभुभोजनाला त्यांनी विचारलं, ही बाई मागं का? कुणीतरी सांगितलं. ते ताट घेऊन मेजापासून चालत मागं आले, सतरंजीवर टेकले आणि म्हणाले, "घे शांतवन." त्यानं घेतलं. मग तिनं घेतलं.

"प्रश्न?" मी विचारलं.

"प्रश्न नाही विचारले काही."

पुढं सारजाबाई गेली, त्यानंतर काही वर्षांनी शांतवन गेला. दोघं शेजारी शेजारी बसायचे शेवटपर्यंत, असं ती म्हणाली. हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. मी कप हातात धरून वाट पाहिली. काही वाटलं नाही. मी म्हटलं, "चांगलं झालं." एवढी वर्षं मला एक आधार होता, तो हा, की त्या शनिवारी काय चुकलं ते फक्त मला ठाऊक आहे.

एस्तेरनं बिस्किटांची बशी माझ्यापुढं सरकवली. म्हणाली, "पाळकसाहेब, एक विचारू? राग मानू नका."

"विचार."

"आम्ही पोरं रोज खेळायचो त्याच्याशी. पहिल्यापासून विचारलं की बाराच्या बारा सांगायचा, एक चुकायचा नाही. मधलंच विचारलं की पुन्हा वरून. आम्हा सगळ्या पोरांना ठाऊक होतं ते. त्या दिवशी आम्ही वर लाकडांवर बसलो होतो. मोठ्या माणसांत बोलायचं नाही म्हणून गप्प होतो. तुम्ही आता सांगाल, मग सांगाल, म्हणून आम्ही सगळी तुमच्याच तोंडाकडं बघत होतो."